कोंबडा जागेवर होता का?

प्रथम तारखा, मग माणसे. साल मी हेतुपुरस्सर राखून ठेवतो. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध, एवढे पुरे. ज्याने उत्तर द्यावयाचे आहे त्याने साल स्वतः सांगावे, म्हणजे त्याची स्मरणशक्ती शाबूत आहे हे आपोआप सिद्ध होईल.

पर्युषणाचा आठवडा. मुलुंडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेले कोंबड्यांचे दुकान बंद. जबाबदार कोणी नाही. हा शेजारधर्म आहे.

हरतालिकेचा आदला दिवस. गल्लीतल्या कर्करोग संशोधन संस्थेतील पेशी मोजणाऱ्या यंत्राच्या प्रमुख बाई आणि त्यांचा मदतनीस बाबल, दोघेही गणपतीसाठी कोकणात रवाना. जबाबदार: बाई स्वतः. होय, त्यांनाही मी या यादीत घालतो. का, ते पुढे येईल.

ऋषिपंचमी ते गौरीविसर्जन. बाई नसताना यंत्र चालविले गेले. जबाबदार: संस्थेचे तत्कालीन उपसंचालक. याच सुमारास घाटकोपरच्या एका रुग्णालयात माझ्या धाकट्या बहिणीच्या स्तनातील गाठ काढली गेली आणि तिचा तुकडा मोजणीसाठी त्या यंत्राकडे आला. तो याच दिवसांत मोजला गेला, की बाई परतल्यानंतर, हे मला आजतागायत कोणी सांगितलेले नाही.

पितृपक्षाचा आरंभ. मोजणीचा निकाल पाहून बहिणीला सांगण्यात आले की पुढील औषधोपचाराची गरज नाही. जबाबदार: तिचे शल्यचिकित्सक.

संस्थेचा वर्धापनदिन. एक विनोद. जबाबदार: पुन्हा उपसंचालक, आणि सभागृहात हसलेले सर्वजण.

आता बाईंविषयी.

बाईंशी माझी ओळख भांडणातून झाली आणि भांडणावरच टिकली. मी त्या काळी एका विमा कचेरीच्या कायदा खात्यात नोकरीला होतो, आणि संस्थेच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा सेक्रेटरी होतो. संस्थेने परदेशातून एक यंत्र आणले होते. मुंबईतील कर्करोगावर काम करणाऱ्या रुग्णालयांना व महाविद्यालयांना ते पाळीपाळीने वापरावयास मिळावे, अशी योजना होती. योजना उत्तम होती. परंतु त्या यंत्रातील लेसरचा दिवा तापू नये म्हणून त्याच्याभोवती नळाचे पाणी अखंड वाहते ठेवावे लागे, आणि ज्या दिवशी यंत्र चाले त्या दिवशी आमच्या तिसऱ्या मजल्यावरील बायका कळश्या घेऊन खाली येत. मी वॉर्ड ऑफिसला पत्र लिहिले. प्रत संस्थेला पाठविली. चौथ्या दिवशी माझेच पत्र परत आले. "सदर यंत्र प्रचंड प्रमाणात पाणी वापरते" या वाक्यातील "प्रचंड" या शब्दाभोवती लाल पेन्सिलीचे वर्तुळ होते आणि शेजारी लिहिले होते: "म्हणजे किती? मोजून कळवा."

मी जाब विचारावयास गेलो. दार अर्धेच उघडले. जाड भिंगांचा चष्मा, सुती साडी, वर पांढरा कोट. त्या कोटाचे दोन्ही खिसे दोऱ्याने शिवून बंद केलेले.

"कोणाच्या सांगण्यावरून आलात?" त्यांनी विचारले.

"कोणाच्याही नाही. मी सेक्रेटरी आहे."

"सेक्रेटरी नेहमी कोणाच्या तरी सांगण्यावरूनच येतो. चपला बाहेर."

मी खिशांकडे पाहत आहे हे त्यांच्या ध्यानात आले. "खिसा उघडा असला की त्यात कोणीतरी काहीतरी टाकतं," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी टाकतात. 'बाई, हा नमुना जरा आधी घ्या.' नाहीतर पेढा टाकतात. मला दोन्ही चालत नाही."

मला ही बाई वेडी वाटली, आणि तत्क्षणी, हेही नमूद करतो, विश्वासार्ह वाटली. माझ्या व्यवसायात मी आयुष्यभर गोड बोलणाऱ्यांचे दावे तपासले आहेत. संशयी माणसाशी व्यवहार करणे सोपे असते.

त्यांचा संशय सर्वव्यापी होता. संस्थेचा चहा त्या पीत नसत. घरून थर्मास आणीत. विजेच्या दाबावर त्यांचा विश्वास नव्हता, घड्याळावर नव्हता, रुग्णालयांवर तर मुळीच नव्हता. निरनिराळ्या ठिकाणांहून नमुने बर्फाच्या डब्यांतून येत. आणणाऱ्याने डबा टेबलावर ठेवला की बाई आधी डब्यात हात घालीत. एकदा चेंबूरहून एक मोठे प्राध्यापक स्वतः डबा घेऊन आले. बाईंनी हात घातला, बाहेर काढला, पदराला पुसला.

"पाणी झालंय. कुठे थांबला होतात?"

"थेट येतोय, बाई."

"थेट आलेल्या बर्फाला कडा असतात. घेऊन जा परत."

प्राध्यापक रागाने लाल झाले. "तुम्हाला ठाऊक आहे मी कोण आहे?"

"तेच मला ठाऊक करून घ्यायचं नाही," बाई म्हणाल्या, आणि दार लावून घेतले.

त्यांचा मुख्य नियम असा की नमुन्यावर नाव नको, वय नको, आजाराची अवस्था नको. केवळ एक क्रमांक. कोणता तुकडा कोणाचा हे कळले की माणूस यंत्रातून हवे तेच पाहतो, असे त्या म्हणत. डॉक्टर मंडळींना हे जमत नसे. कोणीतरी हळूच सुरुवात करी, "बाई, ही मुलगी फार तरुण आहे हो, दोन लहान..." आणि बाई मोठ्याने एकोणतीसचा पाढा म्हणू लागत. समोरचा गप्प होईपर्यंत पाढा चाले. डॉक्टर आवाज चढवी, बाई त्याहून चढवीत. आमच्या सोसायटीच्या जिन्यापर्यंत तो पाढा ऐकू येई, आणि आमची मुले खालून साथ देत.

आता कोंबड्याविषयी, कारण सारे प्रकरण त्यावर उभे आहे.

ते यंत्र असे काम करी: गाठीच्या पेशी सुट्या करून, रंगवून, पाण्याच्या बारीक धारेतून एकामागे एक सोडावयाच्या. प्रत्येक पेशी लेसरच्या किरणासमोरून जाताना चमकते. जितकी चमक, तितका तिच्या केंद्रातील आनुवंशिक द्रव्याचा साठा. निरोगी पेशीत तो ठरलेला असतो. पुष्कळ कर्करोगांत तो वाढलेला, बिघडलेला असतो. मात्र किरण केसभर सरकला, दिवा जरा मंदावला, तर सगळीच मापे सरकतात, आणि रोगट पेशी निरोगी भासू शकते. म्हणून ज्याचे माप आधीपासून पक्के ठाऊक आहे असे काहीतरी सोबत मोजावे लागते. माणसाच्या तांबड्या रक्तपेशींना केंद्र नसते, पक्ष्यांच्या तांबड्या पेशींना ते असते आणि त्याचे माप ठरलेले असते. तेव्हा रोज सकाळी ताजे कोंबड्याचे रक्त. कोंबडीचे नव्हे; नर आणि मादी यांच्या मापात किंचित फरक पडतो, म्हणून कोंबडाच.

"वाण्याच्या वजनाला सरकारी शिक्का लागतो ना, सेक्रेटरी?" बाईंनी मला समजावले होते. "माझ्या वजनाला कोंबडा लागतो. तो कागदावर त्याच्या जागी उमटला, की मग माणसांचं बघायचं. नाही उमटला, तर दिवा बंद. मग तुमच्या तिसऱ्या मजल्याला पाणीच पाणी."

रोज सकाळी त्या यंत्रापुढे बसत आणि बाबल कागदाची गुंडाळी धरून उभा राही. बाई विचारीत, "कोंबडा जागेवर आहे का?" बाबल, कुडाळकडचा, भांडुपला राहणारा धिप्पाड माणूस, कागद उजेडात धरून म्हणे, "जाग्यार आसा, बाई." या दोन वाक्यांखेरीज त्या खोलीत दिवस सुरू झालेला मी पाहिला नाही.

बाई पक्क्या शाकाहारी. अंडे घरात आणीत नसत. तरी बाबल रजेवर असला की त्या स्वतः बाटली घेऊन खाटकाच्या दुकानापुढे उभ्या राहत, नाकाला पदर लावून, डोळे मात्र सुरीवर रोखून. दुकानदारावरही त्यांचा संशय.

"मुर्गाच आहे ना? कल मुर्गी दिया था तुमने."

"अरे बाई, तुर्रा देखो ना उसका! चाहिए तो बाप का नाम भी बता दूँ?"

या बाटलीमुळे गल्लीत बभ्रा झाला. बाई रोज सकाळी उपाशीपोटी कोंबड्याचे रक्त नेतात, बंद खोलीत हिरवा दिवा लावतात आणि मोठमोठ्याने काहीतरी म्हणतात, अर्थात करणी. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर आला. मी सभासदांना लेसर आणि एकोणतीसचा पाढा समजावून सांगितला. तळमजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "सेक्रेटरी, तुम्हालाच काही खायला घातलं नाही ना तिने?" त्या सभेत मी जितका हास्यास्पद ठरलो तितका पूर्वी कधी ठरलो नव्हतो. म्हणून हास्य हे शस्त्र कसे चालते, हे मला ठाऊक आहे.

त्या वर्षी पर्युषण आणि गणपती नेहमीप्रमाणे एकमेकांना लागून आले. दुकान बंद, बाबलच्या गावाला आणि बाईंच्या घरीही पाच दिवसांचा गणपती. बाईंनी जाताना यंत्राच्या खोलीला कुलूप लावले आणि किल्ली उपसंचालकांनी मागितली म्हणून त्यांच्या हाती दिली. "आम्ही येईपर्यंत बंद," असे त्या तोंडी म्हणाल्या. हा त्यांचा दोष. रोजच्या बर्फावर विश्वास न ठेवणाऱ्या बाईने आयुष्यात एकदा माणसावर विश्वास ठेवला, तोही साक्षीदाराविना.

उपसंचालक उमदे गृहस्थ होते. परदेशी शिकलेले, उत्तम वक्ते, कोणाच्याही खांद्यावर सहज हात टाकणारे. त्यांना एका परिषदेसाठी निकालांचा तक्ता पुरा करावयाचा होता आणि नमुने साठले होते. त्यांनी यंत्र स्वतः चालविले. हे मी अनुमानाने म्हणत नाही. ऋषिपंचमीला आमच्या टाकीत पाणी चढले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि मी तक्रार घेऊन फाटकाशी गेलो तेव्हा ते स्वतः बाहेर येऊन म्हणाले, "सणासुदीचं सॉरी हं, सेक्रेटरीसाहेब. दोन-तीन दिवस सांभाळून घ्या."

या ठिकाणी एक बाब ठळकपणे नमूद करतो. संवत्सरी झाली होती, पर्युषण संपले होते. दुकान उघडले होते. आम्ही उभे होतो त्या फाटकातून दुकानावरचा बल्ब दिसत होता. कोंबडे जाळीत बसलेले होते. ऐन गणपतीत, गौरींच्या दिवसांत, एका सुशिक्षित, सोवळ्या माणसाने हातात बाटली घेऊन खाटकाच्या दुकानी उभे राहावयाचे होते. एवढेच करावयाचे होते. ते झाले की नाही, हा माझा प्रश्न आहे.

पितृपक्ष लागला आणि बहीण माहेरपणाला यावी तशी हसत माझ्या घरी आली. घाटकोपरला तिचे सासर. शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात अजून वर जात नव्हता.

"दादा, तुझ्या त्या पाणी पिणाऱ्या यंत्राने मला पास केलं!" ती दारातूनच म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, पेशींचं माप अगदी सरळ आलंय, औषधं नकोत. केस जाणार नाहीत माझे. आता कर ती तक्रार मागे."

मी तक्रार मागे घेतली. वॉर्ड ऑफिसला तसे रीतसर कळविले. बायकोने शिरा केला. बहिणीने डाव्या हाताने खाल्ला.

कोकणातून परतल्यावर पहिल्या सकाळी बाईंनी कोंबडा लावला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. बाबलने कागद दोनदा उजेडात धरून पाहिला, असे त्याने मला पुढे सांगितले.

"नाय, बाई. कोंबडो जाग्यार नाय. बराच सरकलो हा."

किरण हलला होता. केव्हा हलला? त्या गावी असताना, की त्या गाडीत बसल्या त्याच दिवशी, की काल? बाईंचे म्हणणे एवढेच होते की हे ठाऊक नसल्यामुळे त्या दिवसांतील एकही निकाल ग्राह्य नाही. सर्व रुग्णालयांना तसे कळवावे आणि सर्व नमुने पुन्हा मोजावे. उपसंचालकांच्या बाजूने खाजगीत असे सांगितले जाते की कोंबड्याऐवजी परदेशी प्लास्टिकचे बारीक मणी वापरले होते. बाबल म्हणाला, "मण्यांची बाटली आमी गावाक गेलंव तेवा होती तशीच आसा. बूच पण फोडूक नाय." ही तोंडी साक्ष आहे आणि बाबल आता हयात नाही, हे मी जाणतो. प्रतिपक्षाने बाटली दाखवावी.

बाईंचे कोणी ऐकले नाही. मग वर्धापनदिन आला. शेजारी म्हणून सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना आमंत्रण असे. उपसंचालकांनी अंधारात पडद्यावर तक्ते दाखविले. गाठी, मापे, रंगीत रेघा. भाषण संपले, दिवे लागले, टाळ्या झाल्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर शेवटच्या रांगेत बाई उभ्या राहिल्या.

"ऋषिपंचमीपासून गौरीविसर्जनापर्यंतचे निकाल यात आहेत. त्या दिवसांत कोंबडा कुठे होता?"

उपसंचालक क्षणभर थांबले. तो क्षण मी पाहिला आहे. न्यायालयात साक्षीदार असाच थांबतो. मग ते प्रसन्न हसले.

"अहो बाई, गणपती होते. कोंबडा गावी गेला होता!"

सभागृहात हशा कोसळला. संचालक रुमालाने डोळे पुसत होते. माझ्या शेजारचे आमचे खजिनदार माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "काय टाकला राव!" बाई उभ्याच होत्या. हशा ओसरला की उत्तर येईल, अशा समजुतीने त्या उभ्या होत्या. उत्तर आले नाही, चहा आला.

मला तेथेच बसल्या जागी बहिणीच्या शस्त्रक्रियेचा दिवस आठवला.

मी बाईंच्या घरी गेलो, मुलुंड पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर. प्रथम माझा संशय बाईंवरच होता. यंत्राला दुसऱ्याने हात लावला या रागातून त्यांनी हे उभे केले नसेल कशावरून? मी तसे स्पष्ट विचारले. त्यांना राग आला नाही, उलट बरे वाटलेसे दिसले. "बरोबर विचारलंत. तपासा," त्या म्हणाल्या. मग मी मूळ विषयावर आलो.

"बाई, घाटकोपरहून एक तुकडा आला होता. माझी धाकटी बहीण..."

"एकोणतीस एके एकोणतीस," बाईंनी सुरू केले. डोळे मिटलेले, आवाज तोच. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी..."

आणि त्या थांबल्या. समोरचा गप्प झालेला नसताना त्या थांबल्या, हे मी पहिल्यांदा पाहिले. त्यांनी डोळे उघडले.

"तिचं माप कोणत्या दिवशी घेतलं, एवढं सांगा," मी म्हणालो.

"मला ठाऊक नाही. मी आले तेव्हा काही मोजलेले होते, काही नव्हते. कोणता क्रमांक कोणाचा, हे मी मुद्दाम ठाऊक करून घेतलं नव्हतं. ज्याने चालवलं त्यालाच ठाऊक."

"अंदाज?"

"अंदाज द्यायचा असता, सेक्रेटरी, तर रोज एक जीव कशाला घेतला असता?"

मी उठलो. त्यांनी मला बसविले. थर्मासातला चहा दिला. तो त्या कोणाला देत नसत. मग त्यांनी सांगितले की रुग्णालयात गाठीचा एक तुकडा मेणाच्या ठोकळ्यात घालून जपून ठेवलेला असतो. त्या ठोकळ्यातूनही पेशी सुट्या करून मोजता येतात. "ठोकळा आणा. कोंबड्यासकट मोजते. वाईट आलं तर अजून औषधाला वेळ आहे. मात्र निकाल मी तुमच्या हातात देणार नाही, डॉक्टरांच्या देईन. तुमचा चेहरा मला वाचता येतो."

रुग्णालयाने सांगितले, यंत्र आमचे नाही, संस्थेने लेखी मागितल्यास ठोकळा देऊ. संस्थेने सांगितले, नमुना पाठविणे रुग्णालयाचे काम आहे, आम्ही मागत नसतो. मी दोन्हीकडे फेऱ्या मारल्या. अखेर उपसंचालकांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

"सेक्रेटरीसाहेब, हे संशोधन आहे. त्याच्यावरून उपचार ठरवायचे नसतात. ते तुमच्या डॉक्टरांना विचारा."

"मान्य. त्यांना विचारीनच. पण पुन्हा मोजण्यास आपली हरकत काय?"

"एकाचं मोजलं की सगळ्यांचं मोजावं लागेल हो."

"सगळे म्हणजे कोण?" मी विचारले. "किती जण?"

त्यांनी घंटा वाजविली. शिपाई आला. मला बाहेरचा रस्ता दाखविण्यात आला.

निकाल मागे घेतले जाईपर्यंत यंत्राला हात लावणार नाही, असे बाईंनी कळविले. त्यांना ग्रंथालयात बसविण्यात आले. किल्ली गेली. तरी रोज सकाळी त्या यंत्राच्या बंद दारापाशी येत आणि बाबलला विचारीत, "कोंबडा जागेवर आहे का?" बाबल मान खाली घालून म्हणे, "कोंबडोच बंद केलो, बाई." कालांतराने त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर यंत्र पडून राहिले आणि आमच्या टाकीला पाणी पुरेसे येऊ लागले. तिसऱ्या मजल्यावर सर्वांना आनंद झाला.

माझ्या बहिणीचा आजार दीड-दोन वर्षांनी हाडांत उतरला. केस त्या वेळी गेलेच. ती गेली. तिच्या मृत्यूस तो निकाल कारणीभूत झाला, असे मी म्हणत नाही. कदाचित माप खरेच सरळ असेल. कदाचित औषध घेऊनही ती गेली असती. आरोपास पुरावा लागतो, आणि पुरावा ज्याच्याजवळ होता त्याने घंटा वाजविली.

यंदा बाई गेल्या. संस्थेने शोकसभा घेतली. उपसंचालक पुढे संचालक झाले होते, आता सन्मानाने निवृत्त आहेत. अध्यक्षस्थानी तेच होते. बाई विक्षिप्त होत्या पण निष्ठावान होत्या, असे ते म्हणाले. मग वातावरण हलके करावे म्हणून त्यांनी एक जुनी आठवण सांगितली. "मी बाईंना म्हटलं, कोंबडा गावी गेला होता!" लोक हसले. शोकसभेत, हार घातलेल्या तसबिरीसमोर, लोक हसले. मी बोलण्यासाठी हात वर केला. वेळेअभावी सभा आटोपती घेण्यात आली.

म्हणून हे येथे, छापील.

महोदय, आपण दोन वेळा, दोन भरलेल्या सभागृहांत, साक्षीदारांसमक्ष, कोंबडा तेथे नव्हता असे म्हणालात. प्रथम मी तो विनोद समजलो. आज मी त्यास कबुलीजबाब समजतो, आणि तसे समजण्यात चूक होत असल्यास ती दुरुस्त करण्याची संधी आपणास देतो. मला नुकसानभरपाई नको. माफीही नको. केबिनमधले उत्तर नको, खांद्यावर हात नको. ज्या व्यासपीठावरून आपण हसविलेत त्याच व्यासपीठावर उभे राहून, माझ्या बहिणीसाठी आणि आपल्याच तोंडून निघालेल्या त्या "सगळ्यां"साठी, ज्यांना आपण कधी काही कळविले नाही, एका प्रश्नाचे जाहीर उत्तर द्या. हशा ओसरेपर्यंत मी उभा राहीन. मला त्याची सवय आहे, आणि मी चहाला जाणार नाही.

त्या दिवसांत कोंबडा जागेवर होता का? होय, की नाही?